डोळ्यानं घेतलं, हातानं परत

मुकादमाच्या तोंडी माझ्या आईबापाला नावं नव्हती. दोघं मिळून एक ‘कोयता’ होते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयताच म्हणतात. दिवाळी उरकली की हिंगोलीकडं, साखरा गावाच्या पुढं, आमच्या बंजारा तांड्यावर ट्रक येऊन उभा राहायचा. पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, दोन कोंबड्या आणि आम्ही भावंडं त्यात चढायचो. माझी पाटी पेटीत सगळ्यात खाली असायची आणि पाच महिने तिथंच राहायची.

आमच्यात आईला याडी म्हणतात. मी नऊ वर्षांची होते त्या साली याडीच्या मांडीवर किसन होता, माझा धाकटा भाऊ. वर्षाचा झाला नव्हता. मुकादमाची बायको एकदा आमच्या पाचटाच्या झोपड्यांकडं, कोप्यांकडं आली, किसनकडं बघून म्हणाली, “काय गुटगुटीत लेकरू हाये गं!” आणि गेली. दुसऱ्या दिवशी किसनला हगवण लागली. याडीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. शेजारच्या कोपीतल्या म्हातारीनं लिंबाचा उतारा केला. तिसऱ्या दिवशी दुपारी किसन गेला.

पुढं नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला हगवणीचा धडा आला. एक लिटर उकळून निववलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मी वहीत लिहून घेतलं आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. आम्ही उसाच्या रानात राहत होतो. चारी बाजूंनी साखर उभी होती.

आमच्या तांड्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. बी.एस्सी. नर्सिंग. हे मी सगळ्यांना सांगते. लोक कंटाळतात, तरी सांगते. आणि त्या धड्यापासून ‘दृष्ट’ या शब्दाशी माझं वैर. कुणी लेकराची दृष्ट काढताना दिसलं की मी भांडते. एवढं लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यानं मी पार गोंधळून गेले, आणि परत येऊन इतके दिवस झाले तरी तो गोंधळ पुरता गेलेला नाही.

दुसऱ्यांदा काहून?

ज्या ख्रिस्ती मिशनच्या दवाखान्यात मी शिकले आणि आता नोकरी करते, त्यांचा ग्वाटेमाला देशातल्या एका डोंगरी गावातल्या मिशनशी जुना संबंध आहे. अमेरिकेच्या खाली मेक्सिको, त्याच्या खाली हा देश. डोंगरातले लोक माया जमातीचे, किचे भाषा बोलणारे. दोन वर्षांपूर्वी मी तिथं तीन महिने राहून आले होते. या जानेवारीत सहा आठवड्यांसाठी परत गेले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. एका घरातली गोष्ट आहे, आणि त्यांना विचारायला मी आता तिथं नाही.

पहिल्या खेपेला मी सेनगाव, हिंगोली, सगळीकडं सांगत फिरले होते की मी लई काम करून आले. खरं असं की, निघायच्या आदल्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या नाल्यात मला मीठ-साखरेची पाकिटं सापडली होती. हगवणीच्या लेकरांसाठी मी ज्यांना ज्यांना वाटली, त्यांनी ती न फोडता तिथं टाकली होती. हे मी कुणालाच सांगितलं नाही. परत जाण्याचं कारण तेच होतं.

याडीला हे माहीत नव्हतं. मी पेटी भरत होते, ती बघत बसली. “काहून चालली गं परत? तिथं कुणी आपलं हाये का?”

“काम अर्धं राहिलं याडी.”

“इथं लई पुरं झालं का?”

काकू दारात उभीच होती. “जाऊ द्या वं वहिनी. तिला तिकडचा देव लागला. येशू येशू करून राहिली असंल.”

“सकाळी प्रार्थना असते काकू, मी उभी राहते. उभं राहिल्यानं कुणी बाटत न्हाई.”

“मग काय म्हनती मनात?”

“चहा कधी मिळंल म्हनते.”

काकू हसली. पण प्रश्न तिचा बराबर होता. त्या प्रार्थनेत उभी असताना मी नेमकी कोण असते, हे मलाही धड सांगता येत नाही.

चढावरचं घर

विमानं, तपासण्या, रांगा यांचं काही लिहीत नाही. शेवटचे दोन तास मात्र पिकअप गाडीच्या मागच्या हौद्यात उभ्यानं जायचं असतं, लोखंडी दांडी धरून, वीसेक माणसं, एक डुक्कर आणि मक्याची पोती यांच्यासोबत. आमच्याकडं जवळा बाजार गावच्या बाजारादिवशी काळी-पिवळी जीप भरते तशी. फरक एवढाच की इथं कुणी ओरडत नाही. किचे माणसं हळू बोलतात. पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं होतं सगळे आजारी आहेत.

डोंगर उंच. सकाळी गवतावर दव गोठतं आणि दुपारी ऊन चामडी भाजतं. उतारावर मक्याची खुंटं उभी. बाया हातमागावर विणलेले लाल-जांभळे झगे-लुगडी घालतात. त्यातल्या ब्लाउजला गुइपिल म्हणतात, आणि नुसता गुइपिल बघून बाई कोणत्या गावची ते सांगता येतं. आमच्या याडीच्या आरशांच्या कांचळीवरून ती कोण ते सांगता येतं, तसंच. कॉलेजात असताना मी याडीला म्हणायचे, भेटायला येताना साडी नेसून ये. इथली कातारिना, जी शिकून दवाखान्यात काम करते, ती रोज आईनं विणलेला गुइपिल घालून कॉम्प्युटरवर बसते. तिला बघून मला दर सकाळी थोडं ओशाळल्यासारखं व्हायचं.

कातारिना माझी दुभाषी. मला मोडकं स्पॅनिश येतं, तिला स्पॅनिश आणि किचे दोन्ही. म्हणजे मी म्हणणार, ती ऐकणार, मग गावच्या बाया ऐकणार. तिचं बोलणं मला का कोण जाणे आमच्या हिंगोलीकडच्या बोलीतच ऐकू यायचं, म्हणून ते तसंच लिहिते. स्पॅनिशमध्ये ‘व’चा ‘ब’ होतो. त्यामुळं मी तिथं सविता नाही, ‘सेन्यो साबिता’. सेन्यो म्हणजे बाई, सिस्टर.

उतरल्या उतरल्या मी कातारिनाला घेऊन तोमासाच्या घरी निघाले. मागच्या खेपेला मी तिच्याकडं भाड्यानं राहिले होते. तिला आता पहिलं लेकरू झालं होतं, सात महिन्यांचं. नाव मातेओ. नवरा तेव्हाही घरी नव्हता, आताही नव्हता. थंडीत या गावचे पुरुष खाली समुद्रकाठच्या मुलखात ऊस तोडायला जातात. हे कळलं तेव्हा पहिल्या खेपेला मी तोमासाला माझ्या हाताच्या पंजावरचा कोयत्याचा जुना वण दाखवला होता. त्या दिवसापासून आमची मैत्री.

तोमासाचं घर चढावर आहे. पाठीवर पिशवी, डोक्यावर ऊन. घामाघूम होऊन मी दारात पोचले. तोमासा मातेओला घेऊन बाहेर आली. काय सांगू! गाल असे की चिमटा काढावा. मनगटाला लाल दोरा. तिनं हसून लेकरू माझ्याकडं पुढं केलं.

मी दोन पावलं मागं सरले.

वाटेवरून आलेल्या माणसानं हातपाय धुतल्याशिवाय लेकराला शिवायचं नसतं. आणि लेकरू कितीही छान असलं तरी छान म्हणायचं नसतं. हे मला कुणी शिकवलं नाही, तांड्यावर ते हवेतच असतं. दृष्टीशी वैर डोक्यात होतं, पण पायांना ते कुणी कळवलं नव्हतं. त्यात मुकादमाच्या बायकोचं ते ‘गुटगुटीत’ कानात होतंच. मी तोंडातून शब्द काढला नाही. हात पाठीमागं घेतले. नुसतं डोळे भरून बघत राहिले.

“हात लाव की त्याला,” कातारिना म्हणाली.

“हात धुवून लावते.”

“अगं, लाव आता!”

“धुवून.”

तोमासानं लेकरू परत छातीशी घेतलं. तिची सासू, नान लुसिया, चुलीजवळ बसली होती. ‘नान’ म्हणजे मोठ्या बाईला द्यायचा मान. रोटीचं नान नव्हे, मला हे पहिल्यांदा पाठ करावं लागलं होतं. नान लुसिया गावची सुईण. अर्ध्या गावाचं पहिलं रडणं तिनं ऐकलेलं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मक्याच्या पिठाचा गोळा थापायला लागली. मी हात धुऊन आले तोवर मातेओ आत झोपी गेला होता. मग जेवण झालं.

जेवणाचं सांगितलंच पाहिजे. त्यांची भाकरी, म्हणजे तोर्तिया, तळहाताएवढी आणि जाड. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, वाटून करतात. आपल्याकडं चुना तंबाखूला. पहिल्या खेपेला चुन्याचं ऐकून मी दोन दिवस कॉफीवर काढले होते. या वेळी घरून ज्वारीचं पीठ नेलं होतं. नान लुसियाच्या मातीच्या तव्यावर मी भाकरी थापून टाकली. ती चांगली टम्म फुगली. नाननं तुकडा मोडून खाल्ला, बराच वेळ चावला आणि काहीतरी म्हणाली.

“काय म्हणते?”

कातारिना जरा थांबून म्हणाली, “म्हणते, भूक लागल्यावर चांगली लागंल.”

मला बघायला जमलेल्या शेजारच्या बाया हसल्या. तोमासा हसली नाही. मला वाटलं, थकली असेल.

डोळ्याचं मलम

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात लसीकरण होतं. बाया रांगेत बसल्या होत्या आणि मी टेबलापाशी गेले की एकेक करून लेकरांच्या तोंडावर कपडा ओढत होत्या. मी मागं गेले की कपडे वर. पुढं आले की परत खाली. मी हैराण. आधी वाटलं, माझ्या रंगामुळं. मग वाटलं, मी त्यांच्या धर्माची नाही हे कळलं असेल. दोन वर्षांपूर्वी याच बायांनी मला कणसं आणून दिली होती.

“काय झालं गं यांना?” मी कातारिनाला विचारलं.

ती फायली नीट लावायला लागली. आधीच नीट होत्या. “तोमासाचा मातेओ आजारी हाये.”

“काय होऊन राहिलं त्याला?”

“ओखो.”

ओखो म्हणजे स्पॅनिशमध्ये डोळा. मला हायसं वाटलं. डोळे आले असतील, थंडीत येतात. कपाटातून डोळ्याचं मलम घेतलं, बॅटरी घेतली आणि चढ चढून तोमासाच्या घरी. कातारिना मागून “सेन्यो, थांब, सेन्यो” करत पळत होती.

नान लुसिया दारात आडवी उभी राहिली. मी बॅटरी पेटवून दाखवली आणि माझ्या स्पॅनिशमध्ये म्हणाले, “मला त्याचे डोळे बघायचेत. जवळून.”

कातारिनानं भाषांतर केलं नाही, पण तेवढं स्पॅनिश नानला कळत होतं. नाननं माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

मी तशीच उभी, हातात पेटलेली बॅटरी. कातारिना अंगणातल्या दगडी गडग्यावर बसली. हसत होती की रडत होती, कळेना.

“तुला काहीच कळत न्हाई का गं?” ती म्हणाली. “ओखो म्हणजे डोळे येणं न्हाई. ओखो म्हणजे नजर. त्याला नजर लागली.”

“कुणाची?”

तिनं माझ्या डोळ्यांकडं बोट केलं.

मग तिनं सगळं सांगितलं. उन्हातून, वाटेवरून तापून आलेल्या माणसाची नजर गरम असते. अशा माणसाला लेकरू आवडलं आणि त्यानं हात न लावता नुसतं बघितलं, तर ती गरमी लेकरात शिरते. म्हणून आल्या आल्या हात लावायचा, गालाला, डोक्याला, कुठंही. हात लावला की नजर उतरते. तोमासानं लेकरू पुढं केलं होतं ते त्यासाठीच. आणि मी हात पाठीमागं बांधून, मुकाट्यानं, पोटभर बघून घेतलं होतं.

म्हणजे आमच्याकडं नजर लागू नये म्हणून जे जे करतात ते सगळं मी केलं, आणि तिथं नजर लागायला जे जे लागतं ते नेमकं तेवढंच होतं.

मी चिडले. “मी बी.एस्सी. नर्सिंग आहे कातारिना!”

“ते मी सांगितलं त्यांना.”

“मग?”

“नान म्हणाली, शिकलेल्याची नजर जास्त लागते. ते लई बारीक बघतात.”

तेवढ्यात अंगणातल्या दोरीकडं माझं लक्ष गेलं. धुतलेली फडकी, दोरी भरून, शेजारच्या कुंपणावरही. नर्सला एवढं पुरतं. “कातारिना, त्याला हगवण आहे का?”

“कालपासून. आता वकतो बी.”

मी दार वाजवलं. नान आतूनच बोलली, आणि कातारिनानं ते सावकाश, एकेक शब्द करून मला दिलं. “तू डोळ्यानं घेतलंस. हातानं परत दे. तुझ्या घामाचा कपडा आण, त्यात त्याला बांध, दिवसभर अंगावर वागव. मी अंड्यानं उतरवते. तुझं ते पाकिटाचं थंड पाणी नको. ते मागच्या खेपेलाच पोटात गारठा धरवत होतं.”

नाल्यातली पाकिटं का टाकली गेली ते मला त्या दारात, दोन वर्षांनी कळलं. गरम नजरेनं लागलेली असली तरी हगवण म्हणजे त्यांच्या लेखी पोटातला गारठा. आणि मी गार पाण्यात कालवून दे म्हणून शिकवत होते. आमच्या याडीनं बाळंतिणीला गार ताक दिलं असतं का?

संध्याकाळी, दवाखान्याच्या स्वयंपाकघरात

डॉक्टर एस्तेर या मिशनच्या मुख्य, राजधानीतल्या, पन्नाशीच्या. त्यांनी स्वतः तोमासाकडं जाऊन बघितलं होतं. लेकराचे डोळे खोल गेले होते, चामडी चिमटीत धरली की सावकाश बसत होती, पण अजून गिळत होतं. “तोंडानं पाणी गेलं तर वाचेल. नाहीतर उद्या रात्रीपर्यंत खाली मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, आणि ते नेऊ देणार नाहीत,” त्या म्हणाल्या.

टेबलापाशी पास्टरही होते. भला माणूस. त्यांनी हात जोडून मला सांगितलं, “सेन्यो, तू अंड्याच्या उताऱ्याला बसलीस की आम्ही वीस वर्षं जे शिकवलं ते पाण्यात. उद्या लोक म्हणतील, मिशनच्या नर्सनं नजर कबूल केली.”

“तुम्ही आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवूनच प्रार्थना करता की,” डॉक्टर म्हणाल्या.

“तो हात येशूच्या नावानं असतो.”

“अन् हिचा?”

दोघांनी माझ्याकडं बघितलं. पास्टरचं म्हणणं माझंच म्हणणं होतं. ज्या गोष्टीनं माझा भाऊ गेला ती गोष्ट मी स्वतःच्या हातानं करायची? डॉक्टर म्हणाल्या, “मी तुला जा म्हणणार नाही आणि अडवणारही नाही.” म्हणजे झालीच पंचाईत. कुणीतरी हुकूम द्यावा असं मला फार वाटत होतं.

तिथं संध्याकाळ म्हणजे आपल्याकडं दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी घरी फोन लावला. तांड्यावर रेंजसाठी याडीला पाण्याच्या टाकीजवळ यावं लागतं. मी सगळं सांगितलं. ती ऐकून आधी हसली.

“तुझी नजर लागली? तुझी? जी आमच्या मीठ-मोहऱ्या फेकून देती?”

“याडी, हसू नको. काय करू सांग.”

मग ती म्हणाली, “उतारा केला ह्याचं मला कवाच दुःख वाटलं न्हाई. नुसता उताराच केला, ह्याचं वाटतं. कुणी मला म्हनलं असतं ना, की बाई, तू तुझ्या मोहऱ्या ओवाळ, मी माझं पानी पाजते, तर मी दोन्ही करू दिलं असतं. पर आमच्या कोपीत कुणी आलंच न्हाई.”

इतक्या वर्षांत किसनबद्दल ती माझ्याशी एवढं कधी बोलली नव्हती. मी तिच्या मोहऱ्यांशी भांडत आले होते, आणि ती मला कधी उलटून काही म्हणाली नव्हती.

“मग जाऊ का?”

“मला काय इचारती? ग्रॅज्युएट तू हायेस.”

दिवसभर पाठीवर

सकाळी मी तीन दिवस वापरलेली ओढणी घेऊन कातारिनासोबत तोमासाकडं गेले. घामाची पाहिजे होती, तर घामाची. अंघोळही केली नव्हती. सोबत पाकिटं, लिटरचं भांडं आणि चमचा.

दारातच मी नान लुसियाला म्हणाले, “मी त्याला दिवसभर धरते. तुम्ही अंड्यानं उतरवा. पण पाणी मी पाजणार. चमच्यानं. आणि ते गरम असेल.”

“किती गरम?”

“तुम्ही सांगाल तेवढं.”

हे तिला अपेक्षित नव्हतं. तिनं पाणी उकळलं, निववलं, करंगळी बुडवून बघितली. मी पाकीट ओतलं. तिनं चमचाभर चाखलं. “रडल्यावर ओठावर येतं तसं लागतं,” ती म्हणाली. पुस्तकात आम्हाला हीच खूण शिकवली होती, अश्रूंपेक्षा खारट नको. मी तिच्याकडं बघतच राहिले, मग घाबरून लगेच तिच्या हाताला हात लावला. तोमासा फिसकन हसली. कातारिना म्हणाली, “शिकून राहिली हळूहळू.”

मातेओचे ओठ कोरडे, टाळूची जागा खोल. रडायला गेला तर आवाज निघेना. नाननं त्याच्या अंगावरून कच्चं अंडं फिरवलं, डोक्यापासून तळव्यापर्यंत, पुटपुटत. मग ते पेल्यातल्या पाण्यात फोडून बघितलं. पांढऱ्यात तिला काय दिसलं ते मला दिसलं नाही. पण खोटं कशाला सांगू, मीही वाकून बघितलं.

मग ओढणीत लेकरू बांधायचं. आम्ही लेकरू कडेवर घेतो, नाहीतर झोळीत टाकतो. ते पाठीवर बांधतात. मी गाठ मारली आणि उठले, तर मातेओ सरकत सरकत माझ्या कमरेवर आला. तोमासा ओरडून धावली. नाननं गाठ सोडली, परत मारली.

“भारतात लेकरं चालतच जन्माला येतात का?” तिनं विचारलं.

“न्हाई. पण पुस्तकात गाठीचा धडा नव्हता.”

चमचा, थांबा. चमचा, थांबा. पाजायला मांडीवर, मग परत पाठीवर. अर्ध्या तासानं तो सगळं ओकला, माझ्या मानेवर. तोमासा रडायला लागली. मी दहा मिनिटं थांबून परत सुरू केलं, आणखी हळू. घाईच्या दवाखान्यात हे होत नाही. हगवणीच्या लेकराला दर मिनिटाला चमचा पाजायला कुणीतरी दिवसभर बसावं लागतं. आणि इथं उताऱ्याचा नियमच असा होता की ज्याची नजर लागली त्यानं दिवसभर लेकराला सोडायचं नाही. हे दोन नियम कुणी एकमेकांना विचारून केले होते का? मी नर्स म्हणून बसले होते की गुन्हेगार म्हणून? दुपारपर्यंत पाठ इतकी दुखायला लागली की तो प्रश्नही डोक्यातून गेला.

शेजारच्या बाया येऊन भिंतीला टेकून बसल्या. लेकरांच्या तोंडावर आता कपडे नव्हते. एकीनं मला विचारलं, तुझ्या देशात नजर लागते का? मी ‘नाही’ म्हणणार होते. मग म्हणाले, लागते. पण उलटी लागते. मी आमचं सगळं सांगितलं, शिवायचं नाही, छान म्हणायचं नाही, गालाला काळी तीट लावायची. कातारिनाला भाषांतर करता करता हसू आवरेना. नान लुसिया गंभीर होती. “मग तुमच्याकडं पाहुणा आला की लेकराला कुणीच शिवत न्हाई?” तिनं विचारलं. “बिचारी लेकरं.”

ऊन उतरायला लागलं. मी अंगणात येरझाऱ्या घालत होते. मातेओ पाठीवर गप्प होता, आणि त्याचं गप्प असणं मला आवडत नव्हतं. कालपासून त्याचं फडकं लघवीनं भिजलं नव्हतं, हे मी सकाळीच विचारून घेतलं होतं. पाणी अंगी लागतंय की नाही ते त्यावरूनच कळणार होतं. मी मागं हात घालून त्याचा पाय चाचपला. गार नव्हता.

आणि मग माझी पाठ भिजली. गरम, कमरेपर्यंत.

“मुतलं!” मी ओरडले. आमच्या गोरमाटी बोलीत ओरडले, मग मराठीत, मग स्पॅनिश शब्दच आठवेना. “मुतलं गं लेकरू! याडी, मुतलं!” मी अंगणात गोल गोल फिरत होते आणि बाया भिंतीला चिकटल्या होत्या. त्यांना वाटलं नजर उलटून माझ्यातच शिरली. कातारिनानं माझा कुडता बघितला, आणि तिनं किचेमध्ये एकच शब्द सांगितला. मग सगळ्याच हसायला लागल्या. तोमासानं लेकरू ओढणीतून सोडवून घेतलं. ते रडत होतं, आणि डोळ्यांत पाणी होतं.

नान लुसिया माझ्या ओल्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “बघ. हातानं दिलं ना परत.”

मी म्हणणार होते, नान, ते मीठ-साखरेचं पाणी होतं. तोंड उघडलंही. पण मी आले नसते, धरून बसले नसते, तर ते पाणी त्याच्या पोटात गेलं नसतं, हेही खरंच होतं.

त्यानंतर

पास्टर माझ्याशी आठवडाभर कमी बोलले. मग एका सकाळी प्रार्थनेनंतर म्हणाले, “त्या दिवशी मीही इथून त्याच्यासाठी प्रार्थना करत होतो.” म्हणजे मातेओच्या बरं होण्यावर हक्क सांगणारे आता तिघं झाले, नान, मी आणि पास्टर.

नान लुसियानं माझ्या देखत नियम बदलला. आता ओखो झालेलं लेकरू कुणी आणलं की ती सांगते, ज्याची नजर असेल त्यानं धरायचं, आणि लेकरू मुतेपर्यंत चमच्यानं गरम खारं-गोड पाणी पाजायचं. अंडंही चालू आहे. लेकराला फार झोप आली, डोळे फिरवले, रक्त पडलं, तर उतारा नंतर, आधी डॉक्टर एस्तेरकडं, हे आम्ही दोघींनी भांडून भांडून ठरवलं. ती या शब्दांत सांगते म्हणून बाया ऐकतात. मी अंधश्रद्धा वाढवून आले की कमी करून आले, हे मला सेनगावच्या माझ्या एका सरांनी खडसावून विचारलं. परवा काकूची सून लेकरू घेऊन आली, तर हात लावू की न लावू यात मी दोन मिनिटं तशीच उभी होते.

जे झालं ते एवढं. मातेओ वाचला. त्याला सलाईन लावावं लागलं नाही. मी निघाले त्या दिवशी तो आजारापूर्वीच्या वजनावर परत आला होता. नान लुसियाच्या वस्तीवरच्या अकरा बायांना घरच्या मीठ-साखरेचं पाणी बराबर मापात करता येतं. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यामागचा नाला बघून आले. त्यात एकही पाकीट नव्हतं.